वारं गेल्यानंतरचा विसर आणि गोळ्यांची पिशवी

खानापूर तालुक्यातल्या एका सुनेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांचं वय ७३, वजन ५४ किलो. चौदा महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, पण बोलणं अडखळतं आणि विसर वाढत चालला आहे. रात्री उठून ओरडतात, "माझे पैसे घेतलेस" असा आळ सुनेवर घेतात. खुर्चीतून उठताना चक्कर येऊन गेल्या दोन महिन्यांत दोनदा पडले. घरच्या मशीनवर नाडी ४८ दिसते. बेळगावच्या एका आणि मिरजेच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मिळून नऊ गोळ्या चालू आहेत: अ‍ॅस्पिरिन ७५, अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० (कोलेस्टेरॉलची), अ‍ॅम्लोडिपिन ५ (रक्तदाबाची), मेटोप्रोलॉल ५०, साखरेची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली, स्मरणासाठी डोनेपेझिल १०, सिटिकोलिन ५०० दोन वेळा, रात्री रिस्पेरिडोन २ आणि ट्रायहेक्सिफेनिडिल २ यांची एकत्र गोळी, शिवाय झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५. "ही रात्रीची गोळी लकवा आणते" असं मेडिकलवाल्याने सांगितल्यामुळे घर घाबरलं आहे. ती बंद करू का? डोनेपेझिलने स्मरण परत येईल का? नऊपैकी खरंच लागतात किती?

आधी उद्या करायची दोन कामं सांगतो, बाकीचं त्यानंतर वाचा.

पहिलं काम ईसीजीचं. मेटोप्रोलॉल आणि डोनेपेझिल या दोन्ही गोळ्या हृदयाचे ठोके कमी करतात. एकटी असताना दोन्ही निभावून जातात, पण एकत्र आल्यावर म्हाताऱ्या हृदयाची वायरिंग कुठे तरी अडू शकते. नाडी ४८ असणं आणि उठताना चक्कर येऊन पडणं ही जोडी "वयामुळे होतं" म्हणून सोडून द्यायची नसते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही ईसीजी निघतो. त्यात हृदयातला अडथळा दिसला, किंवा मधल्या काळात ते क्षणभर जरी बेशुद्ध झाले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

दुसरं काम डोक्याच्या नव्या सीटी स्कॅनचं. चौदा महिन्यांपूर्वीचा स्कॅन इथे उपयोगाचा नाही. अ‍ॅस्पिरिन चालू असलेला म्हातारा माणूस पडला, की कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या जागेत रक्त थेंबाथेंबाने साठू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनीही, माणूस झोपाळतो, चाल बिघडते, गोंधळ वाढतो. घरच्यांना वाटतं विसराचा आजार पुढे सरकला. हे रक्त बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतं आणि माणूस बराचसा पूर्वपदावर येतो. पडल्याच्या दिवशी काढलेला सीटी नॉर्मल आला असला तरी तो पुरेसा नाही, कारण रक्त नंतर साठतं.

घरच्या घरी करायची एक गोष्ट आणखी आहे. ज्या रात्री ओरडतात, त्याच वेळी बोट टोचून साखर बघा. ग्लिमेपिराइड ही गोळी माणूस जेवला की नाही हे बघत नाही. विसर पडलेला माणूस संध्याकाळी दोन घास खाऊन ताट सरकवतो, गोळी मात्र वेळेवर जाते, आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराला साखर ७० च्या खाली उतरते. घाम, थरथर, ओरडणं, ओळख न पटणं हे सगळं तेव्हा होतं. कधी कधी एक बाजू लुळी पडून हुबेहूब लकव्यासारखंही दिसतं. अशा वेळी शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठा. या वयात, या अवस्थेत साखर फार काटेकोर ठेवायची गरज नसते. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) साडेसात-आठच्या आसपास राहिली तरी चालतं. ग्लिमेपिराइड कमी करण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लकवा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्ट्रोक, आणि विसर यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. पहिल्या स्ट्रोकनंतर साधारण दहातल्या एकाला नव्याने डिमेन्शिया, म्हणजे विसराचा आजार, होतो, आणि स्ट्रोक पुन्हा आला तर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. शिवाय दहातल्या एकाला पहिल्या स्ट्रोकच्या आधीपासूनच डिमेन्शिया असतो, फक्त घरात कोणी त्याला नाव दिलेलं नसतं. म्हणजे "साठी बुद्धी नाठी" म्हणून जे सोडून दिलं होतं, त्यातलं काही आधीचंच असू शकतं. मला इथे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या स्ट्रोकनंतरचा एक तृतीयांशाचा आकडा. उरलेली बुद्धी वाचवायची असेल तर दुसरा झटका येऊ न देणं याच्याइतकं परिणामकारक औषध आज कोणाकडेच नाही. स्मरणाची गोळी म्हणून मिळणारं काहीही त्याच्या जवळपास पोहोचत नाही.

विसर कसा वाढला हे नीट आठवून लिहा. मोठ्या झटक्यांनंतरचा विसर पायऱ्यांसारखा उतरतो: एका दिवशी अचानक खाली, मग काही महिने सपाट, मग पुन्हा खाली. बारीक रक्तवाहिन्या बुजत जाणाऱ्या प्रकारात पायऱ्या दिसत नाहीत. माणूस मंदावतो, पाय घासत चालतो, लघवीची घाई होते, काहीच करावंसं वाटत नाही, क्षुल्लक गोष्टीवर रडू येतं. अल्झायमरमध्ये सुरुवात ताज्या गोष्टी विसरण्यापासून होते आणि उतरण सावकाश असते. सत्तरीनंतर हे प्रकार बहुधा एकमेकांत मिसळलेलेच असतात, म्हणून "रक्तवाहिन्यांचा की अल्झायमरचा" या वादात फार अडकू नका.

तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत मात्र एक शंका आधी फेडायला हवी. उजवं अंग गेलं म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला आहे, आणि भाषेचं केंद्र बहुतेकांचं तिथेच असतं. शब्द न सापडणं, समोरच्याचं न कळणं, भलताच शब्द तोंडून निघणं याला वाचाघात म्हणतात. हा विसर नव्हे. वाचाघात झालेल्या माणसाला "आज वार कोणता?" विचारलं आणि उत्तर चुकलं, तर वार माहीत नाही की शब्द सापडला नाही हे ठरवता येत नाही. त्यामुळे स्मरणाच्या चाचणीत गुण खूपच कमी पडतात, आणि त्या गुणांवरून गोळ्या वाढत जातात. घरी पारखून बघा: पाहुणा आला तर ओळखतात का, चपला योग्य जागी काढतात का, गोठ्याकडची किंवा देवळाकडची वाट चुकतात का, नोटा ओळखतात का. हे शाबूत असेल आणि शब्दच अडत असतील तर वाचाउपचार तज्ज्ञाची गरज जास्त आहे.

आपल्या सीमाभागात भाषेचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. बेळगावातले बहुतेक डॉक्टर मराठीत बोलतात, अडचण असते ती छापील चाचणीची. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने भारतासाठी तयार केलेला स्मरणचाचण्यांचा संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत बेतला गेला. कन्नड बाजारात आणि बसस्टँडवर बोलणारा, पण घरात जन्मभर मराठी बोललेला माणूस कन्नड चाचणीत कमी गुण मिळवेल यात नवल नाही. मेंदूला इजा झाल्यावर दोन्ही भाषा सारख्याच टिकतील असं नसतं. म्हणून चाचणी मराठीतून घ्या म्हणून सांगा. मोका नावाच्या चाचणीचा मराठी अवतार आहे, पण शाळा न झालेल्यांना तिच्यातली चित्रं काढणं जड जातं. त्यांना तारखेऐवजी मराठी महिना, गावचा बाजारवार, पेरणी झाली की नाही हे विचारलेलं जास्त खरं उत्तर देतं. दोन भाषांचा फायदाही आहे, तो सांगायलाच हवा. डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी हैदराबादच्या निम्स या रुग्णालयात ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं, की एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला. नंतर ६०८ स्ट्रोक रुग्णांच्या अभ्यासातही बुद्धी शाबूत राहण्याचं प्रमाण बहुभाषकांत ४०.५ टक्के आणि एकभाषकांत १९.६ टक्के निघालं. तेव्हा सासऱ्यांशी दोन्ही भाषांत बोलत राहा. ज्या भाषेत शब्द आधी येतो, ती त्या दिवसापुरती पुढे करा.

आता ती रात्रीची गोळी. मेडिकलवाल्याने सांगितलेलं खरं आहे, पण अर्धवट. रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचं औषध. डिमेन्शियातल्या आक्रमकपणासाठी ते वापरात आलं आणि तुलनेच्या चाचण्यांमध्ये ते घेणाऱ्यांना स्ट्रोक जास्त येताना दिसले. २००४ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने रिस्पेरिडोन आणि त्याच गटातल्या ओलान्झापिनने डिमेन्शियाच्या रुग्णांत स्ट्रोकचा धोका साधारण तिप्पट होतो असा इशारा दिला. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने या गटातल्या नव्या औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. सतरा चाचण्या मिळून, साधारण दहा आठवड्यांत, औषध घेणाऱ्यांत ४.५ टक्के आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के मृत्यू झाले होते. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधंही त्या इशाऱ्यात आली. म्हणून "रिस्पेरिडोन काढून क्वेटियापिन देतो, ते सुरक्षित आहे" हे वाक्य पूर्ण खरं मानू नका, तेही याच गटातलं आहे. ब्रिटनमधल्या २००९ च्या अहवालात मांडलेला हिशोब मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. एक हजार रुग्णांना साधारण बारा आठवडे या गटातलं औषध दिलं, तर ९१ ते २०० जणांच्या वागण्यात खरी सुधारणा होते, त्याच वेळी सुमारे १८ जणांना जास्तीचा स्ट्रोक किंवा तसाच मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा त्रास होतो, त्यातले निम्मे गंभीर, आणि सुमारे १० जास्तीचे मृत्यू होतात.

यामागचं कारण एकच नाही. उठताना रक्तदाब घसरतो आणि आधीच अरुंद झालेल्या वाहिन्यांतून मेंदूला रक्त कमी पोहोचतं. गुंगीमुळे पाणी कमी प्यायलं जातं, रक्त घट्ट होतं. गिळणं मंदावतं, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. हृदयाची लय बिघडू शकते. तुमच्याकडे यात ट्रायहेक्सिफेनिडिलची भर आहे, आणि माझ्या मते या यादीतली सगळ्यात चुकीची जागा त्याचीच आहे. रिस्पेरिडोनने हात थरथरू नयेत म्हणून ते जोडलेलं असतं. पण डोनेपेझिल मेंदूतलं असिटिलकोलिन नावाचं रसायन वाढवतं आणि ट्रायहेक्सिफेनिडिल नेमकं त्याच रसायनाचं काम अडवतं. एकाच गाडीला दोन्ही टोकांना बैल जुंपल्यासारखं हे आहे. वर ट्रायहेक्सिफेनिडिलने स्वतःच गोंधळ, भास, बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणं होतं. म्हणजे रात्री ओरडणं थांबवायला दिलेली गोळीच ओरडण्याचं कारण असू शकते.

तरीही आज रात्री ती एकदम फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने चाललेलं हे औषध अचानक तोडलं तर झोप उडते, अस्वस्थता उसळते, आणि मग घरचे घाबरून दुप्पट डोस सुरू करतात. डॉक्टरांशी बोलून पहिली मागणी ही करा, की एकत्र गोळी बंद करून दोन औषधं वेगळी द्या. एकत्र गोळीत दोन्हींचं प्रमाण बांधलेलं असतं, एक कमी करून दुसरं ठेवता येत नाही. पुढे साधारण रीत अशी असते: रिस्पेरिडोन २ वरून १ मिलिग्रॅम, दोन आठवडे थांबून ०.५, पुन्हा दोन आठवडे थांबून बंद. ट्रायहेक्सिफेनिडिलही त्याच्यासोबत अर्धं करत काढतात. प्रत्येक पायरीनंतरचे चार-पाच दिवस जड जाऊ शकतात, पण त्यावरून निर्णय घेऊ नका, दहाव्या दिवशी काय दिसतं ते बघा. क्लोनाझेपाम सगळ्यात शेवटी आणि त्याहून सावकाश कमी करायची, कारण ती झटकन तोडली तर फिट येऊ शकते. रिस्पेरिडोन-ट्रायहेक्सिफेनिडिलची जोडी सोडली तर दोन औषधं एकाच आठवड्यात कमी करू नका, नाहीतर काय कशामुळे झालं ते कोणालाच कळणार नाही.

काही घरांत हे औषध लागतंच. माणूस कोयता घेऊन धावतो, स्वतःला इजा करतो, भासांनी भेदरून जातो, तेव्हा धोका पत्करूनही ते देणं योग्य ठरतं. पण तेव्हाही सुरुवात रिस्पेरिडोन ०.२५ मिलिग्रॅमने, दिवसाला २ च्या वर कधीच नाही, सहा आठवड्यांनी उपयोग होतोय का हे तपासायचं आणि तीन महिन्यांच्या आत एकदा तरी कमी करून बघायचं. मूळ दोष असा असतो की चिठ्ठीवर बंद करायची तारीख कोणी लिहीत नाही. ती लिहून मागा. आणखी एक सावधगिरी: ज्यांना स्पष्ट माणसं किंवा जनावरं दिसतात, चाल पार्किन्सनसारखी जखडलेली असते आणि दिवसादिवसाला शुद्धीत मोठा चढउतार होतो, त्यांना लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असू शकतो. अशांना या गटातली औषधं जिवावर बेततात.

मग रात्रीच्या ओरडण्याचं करायचं काय? साखर बघून झाली. पुढे पोट बघा. तीन दिवस शौचाला झालं नसेल तर आधी तेवढंच बघा. लघवीला जळजळ, ताप, ओटीपोट फुगलेलं आहे का? लकवा झालेल्या बाजूचा खांदा आखडतो आणि कूस बदलताना कळ येते. वाचाघाताचा माणूस "खांदा दुखतो" म्हणू शकत नाही, तो ओरडतो. झोपण्यापूर्वी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम आठवडाभर नियमित देऊन बघण्यासारखं आहे. नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांत २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात वेदनेवर पद्धतशीर औषध दिल्याने चिडचिड खरोखर कमी झाली होती आणि बहुतेकांना लागलं ते पॅरासिटामॉलच. यकृताचा आजार असेल तर मात्र आधी विचारा. मोतीबिंदू, कानातला मळ, खोलीतला मिट्ट अंधार हेही बघा. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात दिवसभर अंधारून असतं आणि लाइट जाते. दिवस-रात्र कळेनाशी झालेल्या मेंदूला ते दिवस फार जड जातात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उघडीप असेल तेवढा वेळ अंगणात बसवा, रात्री चार्जिंगचा मिणमिणता दिवा ठेवा.

पैशांच्या आळाबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. हा तुमच्यावरचा राग नाही. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही आणि मेंदू ती पोकळी "कोणीतरी घेतलं" अशा गोष्टीने भरतो. जो माणूस सगळ्यात जास्त जवळ असतो, सेवा करतो, त्याच्यावरच आळ येतो. "मी नाही घेतलं" हे पटवत बसू नका. दहा-वीसच्या नोटा घातलेली एक पिशवी ठरलेल्या जागी ठेवा आणि "चला, बघूया" म्हणत सोबत शोधा. हे ऐकायला सोपं आणि रात्री दोन वाजता करायला फार कठीण आहे, म्हणून रात्रीची पाळी घरातल्या एकाच माणसावर ठेवू नका. दुसऱ्या कोणी तरी आठवड्यातल्या निदान दोन रात्री घ्यायला हव्यात. बोलायला कोणी हवं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे आणि फुकट आहे.

स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते विसरासारखंच दिसतं: बोलत नाहीत, जेवत नाहीत, "मला काही येत नाही" म्हणतात. तसं वाटत असेल तर नैराश्याची गोळी एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून बघणं रिस्पेरिडोनपेक्षा शहाणपणाचं. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी रक्तातलं सोडियम तपासा. म्हाताऱ्यांत ते घसरतं, आणि सोडियम घसरलं की पुन्हा गोंधळ. अ‍ॅस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव होण्याची शक्यताही थोडी वाढते, त्यामुळे काळी, डांबरासारखी शौच झाली तर थांबू नका.

डोनेपेझिलबद्दल अपेक्षा नेमकी ठेवा. ते स्मरण परत आणत नाही. अल्झायमरमध्ये काही जणांची घसरण काही महिने धरून ठेवतं. निव्वळ रक्तवाहिन्यांच्या डिमेन्शियात फायदा इतका थोडा आहे, की ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: सोबत अल्झायमर, पार्किन्सनचा किंवा लेवी बॉडीचा संशय असेल तरच हे औषध द्यायचा विचार करा. रीत अशी, की आधी ईसीजी, मग ५ मिलिग्रॅम, चार ते सहा आठवड्यांनी सोसलं तर १०. मळमळ, जुलाब, वजन घटणं, भयंकर स्वप्नं, लघवीची घाई हे याचे नेहमीचे त्रास. स्वप्नं पडत असतील तर रात्रीऐवजी सकाळी देतात. लघवीची घाई झाली म्हणून असिटिलकोलिन अडवणारं ऑक्सिब्युटिनिन सुरू केलं की पुन्हा तीच बैलांची ओढाताण. दमा असेल तर जपून. तुमच्याकडे वजन ५४ आहे. सहा महिन्यांपूर्वी किती होतं ते आठवा. नाडी ४८ असताना डोनेपेझिल १० चालू ठेवावं असं मला वाटत नाही. ते आधी कमी करणं सोपं, कारण मेटोप्रोलॉल अचानक तोडलं तर हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखू शकतं. डोनेपेझिल शरीरातून निघायला जवळजवळ दोन आठवडे लागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी नाडी वाढली नाही म्हणून निराश होऊ नका.

पर्याय म्हणून मेमँटिन हे स्मरणाचं दुसरं औषध देता येतं. त्याने नाडी सहसा उतरत नाही. दर आठवड्याला ५ ने वाढवत २० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, पण आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) तपासायला हवं. मूत्रपिंडं फार मंदावलेली असतील तर १० वर थांबायचं. डोनेपेझिलच्याच गटातल्या रिव्हॅस्टिग्मिनची चिकटपट्टी दिली गेली तर एकच चूक टाळा: नवी पट्टी लावताना जुनी काढायची राहते आणि अंगावर तीन-तीन पट्ट्या साठतात. त्याने उलट्या होतात, नाडी पडते. रोज जागा बदला आणि पट्टीवर तारीख लिहा.

सिटिकोलिन बंद केलंत तरी चालेल. २२९८ रुग्णांवरच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्ट्रोकनंतर त्याचा फायदा दिसला नाही. स्मरणासाठी दिल्या जाणाऱ्या पिरॅसिटॅमचंही तेच. गिंकोच्या गोळ्या अ‍ॅस्पिरिनसोबत रक्तस्राव वाढवू शकतात. हे पैसे वाचाउपचारावर आणि रक्ताच्या तपासण्यांवर खर्च करा. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असलेल्या, शाकाहारी माणसात बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे आणि ते इंजेक्शनने भरून काढता येतं. लेकानेमॅबसारख्या नव्या इंजेक्शनांबद्दल कोणी सांगितलं तर ती सुरुवातीच्या अल्झायमरसाठी आहेत, मेंदूत सूज आणि रक्तस्राव होण्याचा धोका त्यांत आहे, आणि स्ट्रोक होऊन गेलेल्या माणसासाठी तो विषय नाही.

जे ठेवायचं ते घट्ट धरून ठेवा. सीटीमध्ये रक्त दिसलं नाही तर अ‍ॅस्पिरिन चालू राहील. मात्र ईसीजीत नाडी अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन निघालं, तर अ‍ॅस्पिरिन पुरत नाही, रक्त पातळ करणारं अ‍ॅपिक्साबॅनसारखं औषध लागतं. त्याचा नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम दोनदा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच २.५. तुमच्याकडे वजनाची अट लागू आहे, वयाची नाही, तेव्हा क्रिएटिनिन १.५ च्या खाली असताना "म्हातारे आहेत" म्हणून अर्धा डोस दिला जात असेल तर कारण विचारा. एका ईसीजीत ही अनियमितता सापडेलच असं नाही, म्हणून चोवीस तासांच्या नोंदीबद्दलही विचारा. अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० हा स्ट्रोकनंतर बहुधा कमी डोस असतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली आणायचं लक्ष्य असतं, त्यासाठी साधारण ४० लागतात.

रक्तदाब १३०/८० च्या आसपास हवा, पण उभं राहून मोजल्याशिवाय गोळी वाढवू देऊ नका. पाच मिनिटं बसवा, मोजा. उभं करा, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला तर चक्करेचं कारण सापडलं. रिस्पेरिडोन कमी झाल्यावर हा फरक अनेकदा आपोआप सुधारतो. तोवर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसल्याशिवाय उभं करू नका. मीठ म्हटलं की आपण भाजीतलं मीठ कमी करतो, पण खरं मीठ लोणचं, पापड, सांडगे आणि ठेच्यात असतं. निपाणीची तंबाखू आणि सकाळची मिश्री यांबद्दल वेगळं सांगायला नको. विसर पडलेला माणूस डबी समोर नसली तर अनेकदा मागतही नाही, तेव्हा घरातल्या इतरांनी आपल्या डब्या नजरेआड ठेवा.

गोळ्या देण्यातल्या चुका. बेळगाव, मिरज, कोल्हापूर अशा फेऱ्या होतात तेव्हा एकच औषध दोन नावांनी घरात येतं. अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल आणि शिवाय वेगळं अ‍ॅस्पिरिन, असं फार होतं. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओता आणि त्यांनी लिहिलेली एकच यादी यापुढे खरी माना. गिळायला त्रास होतो म्हणून गोळ्या कुटून देत असाल तर थांबा: मेटोप्रोलॉलच्या पट्टीवर ईआर किंवा एक्सएल लिहिलेलं असेल तर ती कुटल्यावर दिवसभराचा डोस एकदम सुटतो आणि नाडी कोसळते. आवरण असलेलं अ‍ॅस्पिरिनही कुटायचं नसतं. पाणी पिताना ठसका लागतो पण घट्टसर नाचणीची आंबील नीट जाते, असं दिसलं तर गोळी आंबिलीच्या चमच्यात द्या, ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली करून, आणि ठसक्याबद्दल डॉक्टरांना सांगा.

शेवटी नवा झटका कसा ओळखायचा ते. विसर पडलेल्या माणसात लकवा उशिरा लक्षात येतो, कारण घोटाळा रोजचाच असतो. फरक एकच: विसर महिन्यांत वाढतो, लकवा मिनिटांत येतो. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, हात खाली पडणं, काल येत होते तेवढेही शब्द न येणं, अचानक तोल जाणं यातलं काहीही दिसलं की घड्याळ बघा आणि शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी व्हायला लागतो. कणकुंबीच्या बाजूने बेळगाव गाठायलाच यातला बराच वेळ जातो. म्हणून १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सीटी असलेल्या रुग्णालयात थेट न्या, वाटेतल्या लहान दवाखान्यात सलाइन लावून थांबू नका. निघताना साखर तपासा. घरात अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटीशिवाय कळत नाही. गोळ्यांची यादी सोबत घ्या, आणि दारातच सांगा: आधी लकवा कधी झाला होता, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची किती वाजता दिली, आणि काल संध्याकाळपर्यंत ते स्वतःच्या पायाने चालत होते, हाताने जेवत होते. "डिमेन्शिया आहे" एवढंच ऐकलं तर समोरचा डॉक्टर कदाचित थबकेल, पण डिमेन्शिया आहे म्हणून ते इंजेक्शन नाकारायचं असा नियम नाही.